‘बोथ आर गुड’ म्हणजे उत्तर नव्हे



सध्या आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी आयईएल्टीएसची तयारी करतंय. कुणाच्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी कॅनडाला जायचंय, कुणाची भाची नर्स आहे आणि तिला इंग्लंडमध्ये नोकरी हवी आहे. वाचन आणि लेखन त्या मनापासून करतात. धास्ती असते ती बोलण्याच्या परीक्षेची. आणि तिथे त्या अवघड प्रश्नाला अडत नाहीत, अगदी साध्या प्रश्नाला अडतात. तुम्हाला हाताने लिहायला आवडतं की टाइप करायला?

यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर असं: ‘टायपिंग इज फास्ट. हँडरायटिंग इज स्लो. बोथ आर गुड.’ व्याकरणाची चूक एकही नाही. तरी उत्तर कच्चंच, कारण विचारलं होतं ‘तुम्हाला काय आवडतं?’, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

माझं स्पष्ट मत आहे की इथे इंग्रजी फारसं कमी पडत नाही, आवड सांगायची सवय कमी पडते. आपण मुलींना कसं वाढवतो ते आठवून बघा. आज भाजी कुठली करायची? ‘तुम्ही म्हणाल ती.’ साडी कुठल्या रंगाची घेऊ? ‘कुठलीही चालेल.’ अशा उत्तराला आपण समजूतदारपणा म्हणतो, त्याचं कौतुकही करतो. मग तीच मुलगी परक्या माणसासमोर बसते, तिची आवड विचारली जाते, आणि ती ‘बोथ आर गुड’ म्हणते. ते ‘कुठलंही चालेल’चंच इंग्रजी आहे.

परीक्षा कशी असते ते थोडक्यात सांगते. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. तिचे तीन भाग. पहिल्या भागात घर, काम, सवयी असे रोजचे प्रश्न. दुसऱ्यात एक विषय देतात, विचार करायला 1 मिनिट मिळतं आणि मग 1 ते 2 मिनिटं एकटीने बोलायचं. तिसऱ्यात त्याच विषयावर जरा खोल चर्चा. गुण चार गोष्टींना सारखेच मिळतात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. तुमचं मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत. पेन आवडतो म्हणा नाहीतर कीबोर्ड, फक्त धरून बोला.

मग क्लासमध्ये मिळालेली तयार उत्तरं का पाठ करायची? ‘इन टुडेज फास्ट वर्ल्ड, टेक्नॉलॉजी प्लेज अ व्हायटल रोल’ हे वाक्य ऐकलं की समोरच्याला कळतंच, हे पाठ केलेलं आहे. तो लगेच पुढचा प्रश्न टाकतो, ‘तुम्ही शेवटचं पत्र कधी लिहिलंत?’ आणि पाठांतर तिथेच संपतं. हजारो रुपये फी भरून दुसऱ्याचं मत पाठ करण्यापेक्षा स्वतःचं बोलणं सोपं नाही का?

आणि सांगण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे. दुधाचा हिशोब आपण भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितो. आता त्यावरून झालेलं हे उत्तर बघा: ‘आय प्रिफर रायटिंग बाय हँड, ॲट लीस्ट ॲट होम. आय कीप द मिल्क अकाउंट ऑन द कॅलेंडर. इफ आय टाइप इट ऑन माय फोन, नोबडी एल्स कॅन सी इट.’ तीन वाक्यं, एकही भारी शब्द नाही. पण आवड आहे, उदाहरण आहे आणि कारण आहे. हे उत्तर दुसऱ्या कुणाकडून उसनं आणलेलं वाटणारच नाही.

जिला टायपिंग आवडतं तिनेही तसंच ठाम सांगावं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी लग्नाआधी टायपिंगच्या सरकारी परीक्षा दिल्यात, इंग्रजी 30, इंग्रजी 40, मराठी 30. ‘आय लर्न्ड टायपिंग बिफोर आय गॉट मॅरीड, अँड आय स्टिल टाइप विदाउट लुकिंग ॲट द कीज.’ हे म्हणताना चेहरा आपोआप खुलतो आणि आवाजही मोकळा होतो. कुणाची बोटं संधिवाताने दुखतात, तिला फोनवर बोलून टाइप करणं सोयीचं. तेही कारण उत्तम.

या विषयात आपण मराठीतून विचार करताना काही ठिकाणी घसरतो. ‘माझं अक्षर’ म्हणजे ‘माय लेटर्स’ नव्हे, ‘माय हँडरायटिंग’. तो शब्द या अर्थाने एकवचनीच वापरायचा, मागे ‘अ’ नको, पुढे ‘स’ नको. अक्षर सुबक असेल तर ‘नीट’, गिचमिड असेल तर ‘मेसी’, वाचता येत नसेल तर ‘हार्ड टू रीड’. हाताने लिहिणं म्हणजे ‘बाय हँड’, ‘विथ हँड’ नव्हे. ‘आय ॲम प्रिफरिंग’ म्हणू नये, ‘आय प्रिफर’ पुरतं. आणि ‘प्रिफर’नंतर ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतं: ‘आय प्रिफर टायपिंग टू रायटिंग.’ विचाराला वेळ हवा असेल तर ‘लेट मी थिंक’ म्हणावं. गप्प बसण्यापेक्षा ते बरं.

तिसऱ्या भागात प्रश्न आपल्यापुरता राहत नाही. शाळेत अक्षर वळवायला शिकवावं का? हाताने लिहिणं संपेल का? इथे आपली आवड पुरत नाही, जगाकडे बघून बोलावं लागतं. अमेरिकेत 2014 साली एक अभ्यास गाजला होता. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवत गेले, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहिले. नंतर तोच प्रयोग इतरांनी केला तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. म्हणून ‘हाताने लिहिलेलंच डोक्यात राहतं’ असं छातीठोक सांगू नये, ‘इट मे हेल्प’ म्हणावं. सावधपणे बोलणं हासुद्धा भाषेचाच भाग आहे.

आणि आपल्या समाजाकडे तर या प्रश्नाचं फार मोठं उदाहरण आहे. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेला षट्खंडागम आधी हातानेच कागदावर उतरवावा लागला. मग 1939 मध्ये धवला टीकेसह त्याचा पहिला खंड छापून आला तो आपल्या अमरावतीहून, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली. आधी हात, मग छापखाना. मुलीला एवढं माहीत असेल तर ती म्हणू शकते, ‘आय डोन्ट थिंक हँडरायटिंग विल डिसअपिअर. सम ऑफ अवर ओल्ड बुक्स सर्व्हाइव्ड बिकॉज पीपल कॉपीड देम बाय हँड. टुडे वी प्रिंट देम, बट समवन स्टिल हॅज टू रीड द ओल्ड स्क्रिप्ट.’ असं उत्तर कुठल्याही तयार गाइडात मिळणार नाही.

आता घरच्या सरावाबद्दल. ‘मला कुठे इंग्रजी येतं?’ म्हणून आई बाजूला सरते. सरू नका. तुम्ही मराठीतच विचारा. पोळ्या लाटता लाटता विचारा. तुला काय आवडतं? का? शेवटचं कधी केलंस? पूर्वी कसं होतं? तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. व्याकरण तपासायला शिक्षक आहेत. तुम्ही फक्त एक बघा: तिने एक बाजू घेतली का आणि खरं उदाहरण दिलं का? ते ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही, आपली लेक ओळखता यावी लागते.

दुसऱ्या भागात मिळणाऱ्या त्या एका मिनिटात कागद-पेन्सिल देतात. त्यावर पूर्ण वाक्यं लिहू नयेत, चार शब्द लिहावेत. वाक्यं लिहिली की वाचून दाखवल्यासारखं होतं, शब्द लिहिले की बोलणं होतं.

उद्या ‘आज भाजी कुठली?’ असं विचाराल तेव्हा ‘कुठलीही’ हे उत्तर घेऊ नका. एक भाजी आणि एक कारण मागा. परदेशात मुलगी एकटी राहणार, तिथे तिला घर निवडायचंय, नोकरी निवडायचीय, नको तिथे ‘नको’ म्हणायचंय. त्या सगळ्याचा सराव आपल्या स्वयंपाकघरातच सुरू होऊ दे.