आमरकंद आपला, राखणही आपलीच



आमरकंद आपल्या आजी-आजोबांनी खाल्ला, आपणही खातो. तो ऑर्किड आहे, म्हणून त्याच्या परदेशी व्यापारावर जगभर नियंत्रण आहे. पण चुलीवरच्या कंदाला चोरी कोण म्हणतो? २००६ च्या वनहक्क कायद्यात कंदमुळं गौण वनउपज आहेत, त्यावर मालकी आपली. तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झालं, तरी हा कायदा तिथंही लागू.

मात्र त्याच कायद्याचं कलम ५ जंगल राखायचं काम ग्रामसभेला देतं. आमरकंदाचं बी धुळीएवढं, जमिनीतल्या बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. म्हणून घरापुरतंच खणू, बाकी रान राखू. दलाल पोतं घेऊन आला तर रिकामं परत पाठवू. तसा ठराव ग्रामसभेत करू, आणि सामूहिक दावा राहिला असेल तर आधी तो टाकू.