अर्ध्या तासाचा हिशेब

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निःसंदिग्ध निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. जी वस्तू सर्वांची, तिच्यावर व्यापार करणाऱ्याने समाजाचेही काही देणे फेडले पाहिजे, हे त्यातून ओघानेच आले. याच तत्त्वास अनुसरून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये खाजगी दूरचित्रवाहिन्यांवर रोज अर्धा तास लोकहिताचे कार्यक्रम दाखविण्याचे बंधन घातले. शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, स्त्रियांचे कल्याण आदी आठ विषयही नेमून दिले. हेतू उत्तम. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा.

जानेवारी २०२३ च्या सूचनापत्राने या बंधनाची धार बरीच बोथट केली. अर्धा तास सलग नको. महिन्याचे पंधरा तास भरले म्हणजे झाले. इतर कार्यक्रमांत मिसळलेला लोकहिताचा भागही मोजता येईल. मध्यरात्र ते पहाटे सहा हा वेळ जमेस धरावयाचा नाही, ही अट मात्र शहाणपणाची. याउपर मासिक अहवाल वाहिनीने स्वतःच भरून सरकारी संकेतस्थळावर धाडावयाचा. विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी आणि गुण तेवढे मास्तरांना कळवावे, त्यातलाच हा प्रकार! ज्याने चार वर्षे मास्तरकी केली आहे, त्याला निकाल आधीच ठाऊक असतो.

ही केवळ शंका नव्हे. अमेरिकेत १९९० साली मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांविषयी कायदा झाला, तेव्हा काही केंद्रांनी निव्वळ करमणुकीची व्यंगचित्रेच ‘शैक्षणिक’ म्हणून दाखविली. पुढे १९९६ मध्ये आठवड्यास तीन तासांचे प्रमाण ठरले. तरीही युनिव्हिजन या कंपनीने जुळ्या मुलींची एक कौटुंबिक मालिका त्याच खात्यावर मांडली. मात्र तेथे केंद्रांचे अहवाल जनतेस खुले होते. एका चर्चशी संबंधित संस्थेने परवान्यांच्या नूतनीकरणास हरकत घेतली आणि २००७ मध्ये कंपनीला २ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले. नियम तोच होता. त्याला दात आले ते नागरिकांच्या डोळ्यांमुळे.

आमच्या मते आपल्याकडेही हाच मार्ग धरला पाहिजे. कोणता कार्यक्रम कोणत्या वेळी लोकहिताचा म्हणून मोजला जाणार, हे वाहिनीने आगाऊ जाहीर करावे. मासिक अहवाल कोणासही पाहता यावेत व त्यांवर हरकत घेता यावी. काही अहवाल चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि प्रत्यक्ष ध्वनिचित्रमुद्रणाशी ताडून पाहावेत. चुकलेला वेळ प्रथम सायंकाळच्या गर्दीच्या वेळी भरून घ्यावा. तरीही कुचराई झाली तर उत्पन्नाच्या प्रमाणात दंड व्हावा. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्यान्वये आयटीव्हीसारख्या परवानाधारकास संबंधित उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड करता येतो. ठराविक रकमेचा दंड बड्या कंपनीला जाहिरातीच्या एका हप्त्याइतकाही जड जात नाही.

परंतु हे अधिकार कोणाच्या हाती असावेत? ते मंत्रालयाच्या हाती राहिले, तर लोकहित आणि सरकारहित यांतील सीमारेषा पुसट होण्यास वेळ लागणार नाही. शेतीचा कार्यक्रम म्हणून योजनांची स्तुतिस्तोत्रे गाणारी वाहिनी निर्दोष ठरेल, आणि पिकाला भाव का मिळत नाही असे विचारणारी वाहिनी संशयित ठरेल. म्हणून वेळेच्या व प्रमाणाच्या बाबतीत नियामकाने कठोर असावे; मताच्या बाबतीत त्याने हात आखडता घ्यावा. याच कारणास्तव १९९५ च्या त्या निकालपत्रात न्यायालयाने सरकारला स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण नेमण्यास सांगितले होते. खाजगी वाहिन्यांच्या कार्यक्रमांवरील देखरेख मात्र आजही मंत्रालयाकडेच आहे.

वाहिन्यांकडून अर्ध्या तासाचा हिशेब अवश्य घ्यावा. मात्र तो मागण्यापूर्वी सरकारने आपल्याकडे थकलेली ही जुनी बाकी फेडावी. तसे झाले तरच या बंधनाला नैतिक बळ लाभेल. एरव्ही पंधरा तासांचे आकडे दरमहा कागदोपत्री बिनचूक जुळतील, आणि प्रेक्षकाच्या पदरी काहीच पडणार नाही.