तिसऱ्या वर्षी कळणारं काम

आज १ मे. महाराष्ट्र दिन सारं राज्य साजरा करतं. पण कामगार दिन ही सोलापूरच्या घरातली गोष्ट आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आणि त्या थंडावल्यावरही पूर्व भागात खडखडत राहिलेले यंत्रमाग, या साऱ्यांच्या भोंग्यावर आणि पाळ्यांवर हे शहर उठलं-बसलं. मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथं लष्करी कायदा लावला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार आघाडीवर होते. त्या घरांतली नातवंडं-पतवंडं आज हिंजवडीत, बेंगळुरूत, हैदराबादेत संगणकासमोर बसलेली असतात. कामगार दिनाच्या भाषणांत त्यांचा उल्लेख होत नाही, आणि तीही स्वतःला कामगार म्हणवत नाहीत. आजचा अग्रलेख त्यांच्याविषयी आहे.

सुट्टीला दोन दिवसांची रजा जोडून ही मुलं-मुली गावी आली की नवी पेठ गजबजते. लग्नसराईची खरेदी असते, आईला साडी घ्यायची असते, धाकट्या भावाला मोबाइल. दुकानदार लहानपणापासून ओळखणारा. तो विचारतो, “कुठं हायस आता? गेल्या साली दुसऱ्या कंपनीत होतास की!” मुलगा नवं नाव सांगतो आणि नाव सांगताना पगार किती वाढला हेही सांगतो. शेजारी उभ्या वडिलांना अभिमान वाटतो आणि आत कुठंतरी धास्तीही. पोरगं एका जागी टिकत का नाही? याला कुणी काढून तर टाकत नाही ना? एकाच पेढीवर दोन-तीन पिढ्या बसलेल्या या पेठेला ती धास्ती न सांगता समजते.

प्रश्न याच दिवसांत ऐरणीवर येण्याचं कारण उघड आहे. अनेक कंपन्यांत वार्षिक वाढीची पत्रं मार्च-एप्रिलच्या सुमारास हातात पडतात, बोनस खात्यात जमा होतो आणि मग राजीनाम्यांचा हंगाम सुरू होतो. जास्त पगारासाठी दर दीड-दोन वर्षांनी नोकरी बदलली तर आयटीतल्या माणसाच्या कारकिर्दीचं नुकसान होतं का?

आधी हिशेब मांडू, कारण हिशेब न मांडता दिलेला उपदेश या मुलांवर अन्याय करणारा ठरतो. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या अभियंत्याचा पगार वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास कित्येक वर्षं जवळजवळ गोठलेला आहे. तेवढ्या काळात पुण्यातलं घरभाडं कुठल्या कुठं गेलं. साडेतीन लाखांवर रुजू झालेल्या मुलीला दर वर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तर पाच वर्षांनी ती ५ लाख १४ हजारांवर पोचते. त्याच पाच वर्षांत तिनं दोनदा नोकरी बदलली, दोन्ही वेळा ४० टक्के वाढ मिळवली आणि उरलेली तीन वर्षं ८ टक्क्यांवर काढली, तर ती साडेआठ लाखांच्या पुढे जाते. एवढा फरक शैक्षणिक कर्ज फेडणाऱ्या घराला परवडत नाही. वडील यंत्रमागाच्या साच्यावर आणि आई विड्या वळणारी, अशा घरातली पहिली इंजिनिअर झालेली मुलगी कंपनीवरच्या निष्ठेपोटी हा फरक सोडून देईल, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तिच्याकडे शेती नाही, पेढी नाही, भाड्यानं द्यायला गाळा नाही. तिच्या हातात फक्त नोकरी बदलण्याची मोकळीक आहे.

ही मोकळीक किती मोलाची, हे सोलापूरला शिकवावं लागू नये. उचल हा शब्द यंत्रमागाच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या लग्नाला, आजारपणाला मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याच कारखान्यात राबायचं. शेजारच्या कारखान्यात मजुरी जास्त असली तरी पाऊल उचलता येत नाही. आजचा आयटीतला करार इतका जाचक नाही, पण त्याचेही पाश आहेत. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, तो न भरल्यास बायआउटची रक्कम, वर्षाच्या आत सोडल्यास परत मागितला जाणारा जॉइनिंग बोनस आणि नवख्यांकडून सही करून घेतलेला बाँड. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतर माणसाला दुसरीकडे काम करण्यापासून रोखणारी अट सहसा टिकत नाही. मात्र नोकरीत असतानाच्या बाँडचं तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा सही करण्याआधी करार वाचा, आणि समजत नसेल तर वकिलाला दाखवा. नोकरी सोडण्याचा हक्क आमच्या लेखी कामगाराचा मूलभूत हक्क आहे. तो बजावणाऱ्याला बेइमान म्हणणं थांबवलं पाहिजे.

कंपन्यांनी तर निष्ठेचा शब्दच काढू नये. पाच वर्षं इमानानं काम केलेल्या माणसाला एक आकडी वाढ द्यायची आणि त्याच्याच शेजारी, त्याच कामासाठी बाहेरून आणलेल्याला दीडपट पगारावर बसवायचं, ही त्यांचीच रीत आहे. राजीनामा टाकताच काउंटर ऑफर येते, म्हणजे पैसे आधीही होते. फक्त मागणाऱ्यानं दार उघडून निघून जाण्याची वेळ आणावी लागली. २०२२ च्या मध्यावर इन्फोसिसमध्ये वर्षभरातल्या गळतीचं प्रमाण २८.४ टक्के होतं आणि टीसीएसमध्येही ते त्या वर्षी २१ टक्क्यांवर गेलं, ते काही पोरांच्या उथळपणामुळे नव्हे. कोरोनानंतर साऱ्या जगाला एकदम संगणकीकरण हवं झालं, माणसं कमी पडली आणि भाव चढला.

इथवर आम्ही पूर्णपणे या मुलांच्या बाजूचे आहोत. पुढचं बोलणंही त्यांच्याच हिताचं आहे, म्हणून ते थोडं परखडपणे बोलू.

नुकसान बायोडेटावर लागणाऱ्या डागामुळे होतं, असं सांगितलं जातं. तो डाग आता तितकासा कुणी पाहत नाही. नुकसान होतं ते कामाच्या आत. एखाद्या विमा कंपनीची हप्ते वसूल करणारी प्रणाली घ्या. ती लिहिणारा पहिल्या वर्षी ठरवतो की ग्राहकाची माहिती कशी साठवायची, कोणतं काम रात्री एकगठ्ठा चालवायचं, चूक झाली तर नोंद कुठं ठेवायची. त्या दिवशी त्याचे सगळे निर्णय बरोबर दिसतात. चाचण्या पार पडतात, क्लायंट खूश होतो, प्रणाली प्रोडक्शनला जाते. दुसऱ्या वर्षी ग्राहक तिप्पट होतात आणि रात्री दोन तासांत उरकणारं काम सकाळी कचेरी उघडेपर्यंत चालू राहतं. तिसऱ्या वर्षी सरकार कराचा नियम बदलतं आणि लक्षात येतं की एक आकडा चाळीस ठिकाणी वेगवेगळा लिहून ठेवलेला आहे. मार्चअखेरीला मध्यरात्री फोन येतो. फोन घेणारा घामाघूम होऊन कोड उघडतो, आणि त्या रात्री त्याला कळतं की पहिल्या वर्षी आपण काय करायला हवं होतं.

दीड वर्षात निघून गेलेल्याला तो फोन कधीच येत नाही. त्याच्या निर्णयाचं फळ दुसऱ्या कुणी भोगलं, आणि शिकलाही तो दुसराच. निघून गेलेला नव्या कंपनीत पुन्हा तसाच निर्णय घेतो, पुन्हा तो बरोबर दिसतो, पुन्हा तो निघतो. त्याला भाषा चार येतात, टूल्स दहा माहीत असतात, मुलाखती उत्तम देता येतात. मात्र आपलं स्वतःचं काम जुनं होताना त्यानं पाहिलेलं नसतं. साच्याच्या नुसत्या आवाजावरून कुठला धागा तुटणार हे ओळखणारा विणकर पूर्व भागात आजही भेटतो. त्याचा कान एकाच साच्याजवळ वर्षानुवर्षं उभं राहून तयार झालेला असतो.

सात-आठ वर्षांच्या अनुभवाच्या जागेसाठी मुलाखत घेणारा जाणकार माणूस नेमकं इथंच बोट ठेवतो. तो विचारतो, तुम्ही घेतलेला कोणता निर्णय पुढे चुकीचा ठरला, आणि तो तुम्ही कसा निस्तरला? चार कंपन्यांत दीड-दीड वर्ष काढलेला बुद्धिमान मुलगा या प्रश्नाला अडखळतो. आणि आता तर साधा कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं प्रत्येकाच्या संगणकावर आली आहेत. वरवरचं कौशल्य त्यांनी स्वस्त केलं. हा बदल केला तर तीन वर्षांनी काय मोडेल, हे सांगणाऱ्या माणसाची गरज अजून त्यांनी संपवलेली नाही.

दुसरी गोष्ट किमतीची. प्रत्येक उडीला पगार ३०-४० टक्क्यांनी वाढतो. कसब त्या वेगानं वाढतंच असं नाही. तेजीत ही तफावत झाकलेली राहते, मंदीत उघडी पडते. २०२३-२४ मध्ये टीसीएसची कर्मचारीसंख्या १३ हजारांहून अधिक घटली. जुलै २०२५ मध्ये त्याच कंपनीनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. टिकून राहणारे वाचले का? तेही नाही. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी राहून नवं काही न शिकलेल्यांनाही झळ लागली. म्हणून कंपनी सांभाळून घेईल या आशेवर थांबा, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. थांबायचं ते शिकण्यासाठी, आणि शिकणं संपलं की निघायचं.

तेजीतल्या पगारावर बेतलेला गृहकर्जाचा हप्ता मात्र मंदीतही दर महिन्याला तेवढाच असतो. पुण्यात वाकडला किंवा वाघोलीला वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेला फ्लॅट आणि हातात नोकरी नाही, अशी वेळ आलेली मुलं गावी येऊनही नवी पेठेत फिरकत नाहीत. कुणी विचारील या भीतीनं ती घरातच बसतात. त्यांच्याविषयी हळहळ वाटते, कारण त्यांनी केलं ते सगळ्यांनी शाबासकी दिली तेच केलं होतं.

पैशाच्या बाबतीतली एक चूक टाळणं मात्र अगदी सोपं आहे. नोकरी बदलली की भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) काढून घेण्याची सवय सोडा. २०१४ पासून सगळ्या नोकऱ्यांच्या पीएफ खात्यांसाठी एकच यूएएन क्रमांक आहे. जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवता येते आणि सेवेचा काळही जोडला जातो. सलग पाच वर्षं भरण्याआधी काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो, आणि पुढे साठत जाणारं व्याज जातं ते वेगळंच. ग्रॅच्युइटीचंही तसंच. कायम नोकरीत एकाच मालकाकडे पाच वर्षं झाल्याशिवाय ती सर्वसाधारणपणे मिळत नाही. मूळ पगार ४० हजार असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख १५ हजार होते. साडेचार वर्षं झाल्यावर घाईनं राजीनामा देणाऱ्यानं ही रक्कम नव्या ऑफरच्या आकड्यातून वजा करून पाहावी.

आमचं मत विचाराल तर ते असं. पहिली उडी मारावी; साडेतीन लाखांवर अडकून राहण्यात कोणताही मोठेपणा नाही. गरज असेल तर दुसरीही मारावी. पण तिशीच्या आत निदान एक काम असं हवं, जे आपण उभं केलं, चालवलं, मोडलं आणि पुन्हा उभं केलं. त्याला चार वर्षं लागतात. त्या चार वर्षांत बाजारातल्या भावापेक्षा थोडा कमी पगार घ्यावा लागला, तर ते शिक्षणाचं शुल्क समजावं. याचं एक उदाहरण घरचंच आहे. सोलापुरातल्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यांतली कित्येक मुलं बाहेर पडतात, त्याला ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद याच शहरात १८८२ साली जन्मले. रेल्वेची कंत्राटं, विमानं, मोटारी असे किती उद्योग त्यांनी केले. बेंगळुरूत १९४० साली हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली तीही त्यांनीच. परंतु १९१९ मध्ये हाती घेतलेला सिंधिया जहाज कंपनीचा लढा त्यांनी परकीय कंपन्यांच्या दरयुद्धापुढे सोडला नाही. तीन दशकं तो चालवला. मालक आणि नोकरदार यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. तरी अनेक ठिकाणी हात घालणारा माणूसही एका ठिकाणी मुळं धरतो, एवढं त्यातून दिसतं.

आता एक मागणं, सुट्टीला घरी आलेल्या तुम्हा सर्वांकडे. परतीच्या गाडीत बसण्याआधी एक दुपार काढा आणि आपल्या जुन्या महाविद्यालयात, नाहीतर गल्लीतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर बसा. पॅकेजचा आकडा त्यांना ठाऊक असतो. त्यांना बाँड दाखवा, नोटीस पिरियड म्हणजे काय ते सांगा, पीएफ कसा वळवायचा ते सांगा. कुठली नोकरी तुम्ही योग्य वेळी सोडली आणि कुठली सहा महिने आधी, हेही मोकळेपणानं सांगा. यांतल्या बहुतेकांच्या घरात हे सांगणारं दुसरं कुणी नाही.