उरलेली भोके काय सांगतात?

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळ्यात घराबाहेर पडायचे म्हणजे आधी दारापुढचे हिम बाजूला सारावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या भागात काही दिवसांत सुमारे २ मीटर हिम पडले. हिम कापसासारखे दिसते म्हणून ते हलके समजू नका. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट २० मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे आणि तिच्यावर ३० सें.मी. हिम साठले आहे, असे समजा. त्याचे घनफळ १८ घनमीटर झाले. एक घनमीटर ताज्या हिमाचे वजन १०० कि.ग्रॅ. धरले, तरी ही रास १,८०० कि.ग्रॅ. भरते! ओले, दबलेले हिम तर याच्या तिप्पट-चौपट जड असू शकते.

फावड्याने हे काम करणे जिवावर येते. म्हणून तिकडे अनेक घरी छोटा ट्रॅक्टर असतो. त्याला ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणतात. उन्हाळ्यात तो गवत कापतो आणि हिवाळ्यात त्याच्यापुढे लोखंडी पाते जोडले, की हिम सारतो. जॉन डिअर कंपनीने असा आपला पहिला ट्रॅक्टर १९६३ साली बाजारात आणला. त्या काळातील ट्रॅक्टर हौशी लोक आजही चालवतात. मात्र पाते दर उन्हाळ्यात काढून ठेवावे लागते. या काढ-घालीत, किंवा जुने पाते विकत घेताना, पाते धड मिळते; पण चालकाच्या हातातील तरफ आणि पाते यांना जोडणारे दांडे मात्र गहाळ झालेले असतात. आता पाते उचलायचे कसे?

येथे लोक सहसा दोनपैकी एक वाट धरतात. काहीजण ‘भाग मिळत नाही’ म्हणून सगळेच भंगारात काढतात. काहीजण हाताला लागेल ती सळई वाकवून, तारेने बांधून वेळ मारून नेतात. माझ्या मते या दोन्ही वाटा सारख्याच चुकीच्या आहेत, कारण दोन्हींत विचार करण्याचे टाळलेले आहे. हरवलेला भाग पुरता हरवलेला नसतो. त्याची माहिती उरलेल्या भागांत असते. ती वाचता येणे हे विज्ञानच होय. युरेनसच्या गतीत पडलेल्या फरकावरून न दिसलेल्या ग्रहाची जागा गणिताने काढली गेली आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. विचाराची ही रीत दुर्बिणीपुरतीच आहे, असे कोणी सांगितले?

प्रथम उरलेली भोके पाहा. भोकाच्या व्यासावरून खिळीची जाडी कळते. भोक झिजून लांबट झाले असेल, तर ज्या बाजूला झीज आहे त्या बाजूला जोर पडत होता. घासून चकाकलेली जागा दिसली, तर दांडा तेथून जात होता. भागाचा अर्धा पत्ता येथेच लागला.

आता लांबी. पाते सपाट जमिनीवर टेकवा, तरफ सर्वांत खालच्या खाचेत ठेवा आणि दोन्ही भोकांच्या मध्यांतील अंतर मोजा. मग पाते हव्या त्या उंचीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, तरफ वरच्या खाचेत न्या आणि पुन्हा मोजा. दांडा ताणला जात नाही व आखडतही नाही. त्यामुळे दोन्ही अंतरे सारखी आली, तर तीच दांड्याची लांबी. ती सारखी आली नाहीत, तर आपण चुकीचे भोक निवडले असेल किंवा मूळ दांड्याच्या टोकाला भोकाऐवजी लांबट खाच असेल.

ही खाच फार महत्त्वाची आहे. जमीन कधी पूर्ण सपाट नसते. पात्याला उंचवट्यावर आपोआप थोडे वर सरकता आले पाहिजे, नाहीतर ते मातीत घुसते किंवा दगडावर आदळते. खाचेमुळे पाते वर घेताना दांडा ओढला जातो. पण पाते जमिनीवर असताना ढील राहते. ज्याने खाचेचे काम जाणले नाही, तो घट्ट दांडा बसवून ‘छान बसला’ म्हणेल आणि पहिल्याच फेरीत वाट उकरून ठेवील.

आता तरफेचा नियम लावू. पात्याचा ४० कि.ग्रॅ. भार १५ सें.मी. उचलायचा आहे आणि त्यासाठी हात ६० सें.मी. फिरतो, असे धरा. हात चौपट अंतर जातो, म्हणून घर्षण सोडल्यास भार चौथाई, म्हणजे १० कि.ग्रॅ. लागतो. दुसरे भोक निवडून तेच काम हाताच्या ३० सें.मी. हालचालीत करू म्हणाल, तर २० कि.ग्रॅ. जोर लागेल. निसर्ग उधारी ठेवत नाही!

दांडा किती जाड हवा? तो फक्त ओढला जात असेल, तर बारीक सळईही पुरते. त्याने ढकलायचे असेल, तर मात्र ती मध्येच वाकते. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखवून दिले, की अशा दांड्याची लांबी दुप्पट केली, तर वाकण्यापूर्वी तो पेलू शकेल असा दाब चौथाईवर येतो.

तुमच्याजवळ असा ट्रॅक्टर नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या आहेत ना? चार पट्ट्या टोकांना टाचून चौकट करा, एक पट्टी फळीवर पक्की बसवा आणि शेजारची फिरवा. एका पट्टीची लांबी बदलली, की सगळ्यांची चाल बदलते. एखाद्या स्थितीत दोन पट्ट्या एका रेषेत येऊन चौकट अडते, तेही पाहा. जुन्या धाटणीच्या सायकलच्या दांड्यांच्या ब्रेकमध्ये अशाच तरफा असतात.

एक बजावून सांगतो: उचललेल्या पात्याखाली हात-पाय घालू नका, आधी ठोकळे लावा. ब्रेक, स्टिअरिंग यांसारख्या भागांत अंदाजाचे काम नको; तेथे योग्य भागच आणावा. आपली मर्यादा ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी की नाही, हा आता कायद्याचाही प्रश्न झाला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीच्या यंत्रांबाबत तसा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ साली या प्रश्नावर समिती नेमली. परंतु हक्क मिळाला आणि यंत्र वाचता आले नाही, तर त्या हक्काचा उपयोग काय?

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेत तरफेचे नवे कोरे उपकरण दाखवता, ते जरूर दाखवा. पण वर्षातून एकदा तरी एक भाग काढून घेतलेले जुने यंत्र मुलांपुढे ठेवा आणि विचारा, “येथे काय होते? कशावरून?” याचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते मोजून, तर्क करून आणि करून पाहूनच काढावे लागेल. आणि मित्रांनो, शिक्षक विसरले, तर तुम्हीच त्यांना आठवण करा.