डोळसांचा हलगर्जीपणा

खेडूत माणूस मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबतो, अशी तक्रार आपण शहरी मंडळी नेहमी करतो. त्याची अडचण निदान समजण्याजोगी आहे. मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. परंतु सेवाग्राम वर्ध्याहून अवघ्या आठ किलोमीटरांवर. तेथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. चाळिशी उलटलेल्या किती वर्धेकर सुशिक्षितांनी तेथे वा अन्यत्र डोळे दाखविले? बाजारातून तयार चष्मा आणावयाचा, अक्षर दिसू लागले की प्रश्न मिटला!

काचबिंदू अशी वर्दी देत नाही. तो बहुधा न दुखता कडेची नजर खातो, आणि गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूतला उशीर बहुधा भरून काढता येतो; येथे नाही. मधुमेहींनी तर नेत्रपटल दरसाल तपासून घेतलेच पाहिजे.

मुलांविषयी आम्हांस स्वतःचीच लाज वाटते. शिक्षकी पेशात असताना फळ्यावरील गणित चुकीचे उतरविणाऱ्या एका मुलास आम्ही ‘ढ’ ठरविले होते. त्यास चष्मा लागला, तेव्हा ढ कोण ते कळले. एक डोळा मंद असलेले मूल तर तक्रारच करीत नाही. दुसरा डोळा काम भागवितो, आणि सात-आठ वर्षांनंतर उपचार अवघड होतो.

विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. नगरपरिषदेने व जिल्हा परिषदेने पहिल्याच महिन्यात प्रत्येक मुलाची नजर तपासून घ्यावी. आणि ज्या पालकांस मूल घेऊन दवाखान्यात जावे लागेल, त्यांनी त्याच खेपेस स्वतःच्या डोळ्यांचा दाब व आतील नसही तपासून घ्यावी.