मोनो हाय का टेप?

सुरुवातीलाच सांगून टाकते. पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलते तेवढंच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर जबाबदारीही त्यांचीच! तरीही मराठी विभागासाठी लिहायचा हट्ट धरला, कारण ज्या विषयावर मी इंग्रजीतून वीस मिनिटं सेमिनार दिला, तो मला खरा कळला तासगावातल्या एका दुकानात. आणि तो समजावणारा माणूस दहावीनंतर शाळेत गेलेला नाही.

सेमिनारचे टॉपिक वाटले तेव्हा कुणाला रोबोटिक्स मिळालं, कुणाला इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या. माझ्या वाट्याला आलं ‘सिंथेटिक धाग्यांसाठी बिनगोल भोकांचे स्पिनरेट’. वर्गात हशा. "मेकॅनिकलला येऊन कापड विणणार काय गं?" असं विचारणाऱ्यांत माझी रूममेटही होती. टेक्सटाइल म्हणजे कॅप राउंडमध्ये काहीच नाही मिळालं तर घ्यायची ब्रँच, हा आपल्याकडचा समज. इचलकरंजी इथून इतकी जवळ, तरीही!

स्पिनरेट म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सोऱ्या बघावा. आत पीठ, वरून दाब, खाली भोकांची चकती. शेवेची चकती घातली की शेव, चांदणीच्या भोकाची घातली की काटेरी चकली. पॉलिस्टरचा धागा असाच निघतो. पॉलिस्टर साधारण २८५ अंशांना वितळलेलं असतं, पंप ते दाबतो आणि स्टीलच्या जाड चकतीतल्या बारीक भोकांतून ते बाहेर येतं. खाली गार हवेचा झोत असतो, त्यात ते घट्ट होतं.

पण सोऱ्याची उपमा इथेच संपते. चकलीला कुणी ओढत नाही. धाग्याला ओढतात, आणि कसं ओढतात ते ऐका. गुंडाळणाऱ्या मशीनचा वेग मिनिटाला ३,००० मीटर धरला तरी तो ताशी १८० किलोमीटर होतो. साताऱ्याहून सांगलीला यायला माझ्या एसटीला तीन तास लागतात, हा धागा पाऊण तासाच्या आत पोचेल. या ओढण्यामुळे पाव मिलिमीटरच्या भोकातून निघालेलं पॉलिस्टर केसापेक्षाही बारीक होतं.

दुसरी भानगड म्हणजे भोकाचा जो आकार तोच धाग्याचा, असं होत नाही. बाहेर पडल्यावर वितळलेलं प्लॅस्टिक फुगतं, आणि पृष्ठताणामुळे सगळे कोपरे गोल व्हायला बघतात. त्रिकोणी धागा हवा म्हणून त्रिकोणी भोक पाडलं तर हाती लागतो जवळजवळ गोलच धागा. म्हणून भोक ‘वाय’ अक्षरासारखं, तीन लांब फटींचं पाडतात. तेव्हा कुठे तीन पाकळ्यांचा धागा मिळतो. पोकळ धाग्याची युक्ती तर मला फारच आवडली. मधे भोक ठेवायचं कसं? तर गोलाच्या कडेने तीन-चार कमानी कोरायच्या, त्यांच्यात थोडी थोडी जागा सोडायची. कमानींतून आलेलं पॉलिस्टर फुगून एकमेकांना चिकटतं, आणि चिकटायच्या आधी मधल्या फटींतून हवा आत शिरते. झाली नळी तयार!

उलटही होतं. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनसारख्या कारखान्यात निघणाऱ्या व्हिस्कोसला साधं गोल भोक असतं, पण आम्लाच्या टाकीत धाग्याची साल आधी घट्ट होते आणि आतला भाग नंतर आकसतो. मग साल चुरगळते आणि धागा दातेरी बनतो. (ही चकती सोनं आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूची करतात, कारण आम्ल आणि अल्कली दोन्ही सोसायचं असतं. आमच्या ग्रुपमधल्या मुलींना सेमिनारमधलं एवढंच लक्षात राहिलं!)

तर हे सगळं मी बोलले. स्लाइड चांगल्या होत्या, मार्क चांगले मिळाले. शेवटी सरांनी विचारलं, "हे तू रोजच्या आयुष्यात कुठं पाहिलंस?" मी ड्यूपाँटने १९८६ मध्ये आणलेल्या चार खाचांच्या ‘कूलमॅक्स’ धाग्याचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "ते वाचलंस. पाहिलंस कुठं?" मी गप्प.

जानेवारीच्या सुट्टीत तासगाव तालुक्यात मामांकडे गेले. मामांची द्राक्षबाग आहे आणि थोडा बेदाणा करतात. शेडवरची नेट फाटली होती, ती आणायला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. मला वाटलं, हिरवी नेट मागायची, मीटर सांगायचे, पैसे द्यायचे. मामा आत शिरता शिरताच म्हणाले, "मोनो हाय का टेप?" दुकानदार म्हणाला, "दोन्ही हाय की. कशाला पायजे?" मग मामांनी दोन्ही नेटचा एकेक धागा चिमटीत धरून फिरवला. एक बोटात गोल फिरत होता, दुसरा चपटा असल्यामुळे अडत होता.

मी तिथल्या तिथे लाजले. मोनो म्हणजे गोल भोकातून काढलेला एकेरी धागा. टेप म्हणजे चपटी पट्टी, जी बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा काढून पात्यांनी चिरून करतात. दोन्ही एचडीपीईचेच. पदार्थ एक, आकार वेगळा. माझा सेमिनार मामा चिमटीत धरून उभे होते!

परतताना ट्रॅक्टरवर मी विचारलं, "मामा, फरक काय पडतो?" ते म्हणाले, "टेप सावली जास्त देतीया, पैसं कमी लागत्यात. पण वाऱ्यात फडफडती आन् उन्हानं लवकर जाती. मोनो टिकती."

घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. गोल धागा आणि जाडीच्या दहापट रुंद पट्टी घ्या, दोघांच्या छेदाचं क्षेत्रफळ सारखं, म्हणजे मीटरमागे प्लॅस्टिक सारखंच. पट्टीची रुंदी गोल धाग्याच्या व्यासाच्या सुमारे २.८ पट येते. म्हणून त्याच प्लॅस्टिकमध्ये सावली जास्त. पण पट्टीचा घेर गोल धाग्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे उन्हाला सापडणारा पृष्ठभागही दुप्पट, शिवाय जाडी कमी. मामांची तिन्ही वाक्यं गणितात उतरली. मला ती सुचली नसती, त्यांना ती फाटलेल्या नेटने शिकवली होती.

नंतर कळलं की भारतीय मानक ब्युरोचं शेडनेटचं मानक आहे, आयएस १६००८. त्याचे दोन भाग आहेत, एक टेपच्या नेटसाठी आणि एक मोनोफिलामेंटच्या नेटसाठी. म्हणजे शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या मालात धाग्याचा आकार इतका महत्त्वाचा मानलाय की मानकाचे भागच त्यावरून पाडलेत. आणि आपण अंगात घालतो त्या कपड्यांचं काय?

माझा धाकटा भाऊ साताऱ्यात भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला रस्त्यावर निघावं, अशी शे-दोनशे पोरं पळताना दिसतील. २०१२ पासून सातारा हिल मॅरेथॉन सुरू झाल्यावर तर पळणाऱ्यांचे कपडे ही साताऱ्यात एक मोठी बाजारपेठच झाली आहे. भावाने ‘ड्राय’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला काळा टी-शर्ट घेतला. दुकानदार म्हणाला, घाम लगेच सुकतो. दोन महिन्यांत काखेत आणि मानेवर पुरळ. आतल्या लेबलवर काय? ‘१०० टक्के पॉलिस्टर’. बस्स.

हे म्हणजे नेटच्या गठ्ठ्यावर ‘१०० टक्के प्लॅस्टिक’ लिहिण्यासारखं झालं. पॉलिस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषतच नाही. घाम हलतो तो धाग्यांच्या मधल्या फटींतून आणि धाग्यावरच्या खाचांतून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. गोल धाग्याला खाचच नसते.

मग मी एक उद्योग केला. आपल्या मेटलर्जी लॅबमध्ये धातूचे छोटे तुकडे कोल्ड माउंटिंगच्या रेझिनमध्ये बसवून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याच पद्धतीने मी चार धागे उभे बसवले. एक भावाच्या टी-शर्टचा, एक हॉस्टेलच्या उशीतला, एक आईच्या चमकदार साडीच्या पदराचा आणि एक मामांच्या नेटचा. (लॅबच्या मामांनी विचारलं, "ताई, मटेरियल कुठलं लिहू?" मी म्हटलं, "साडी लिहा.")

उशीतला धागा मेदूवड्यासारखा दिसला, मधे स्वच्छ भोक. त्यात हवा अडकते म्हणून उशी हलकी आणि उबदार. साडीचा धागा तीन पाकळ्यांचा, थेट बेलाचं पान. रेशमाच्या किड्याचा धागाही छेदात त्रिकोणीच असतो, त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश आरशासारखा परततो. १९६० च्या आसपास ड्यूपाँटने तीन पाकळ्यांचं नायलॉन आणलं ते याच चमकेसाठी. बाजारात त्या सुताला ‘ब्राइट ट्रायलोबल’ म्हणतात. आईला दुकानात ती साडी ‘आर्ट सिल्क’ म्हणून दिली होती आणि इतकी वर्षं ती त्याचा अर्थ कलाकुसरीचं सिल्क असा समजत होती. आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, हे मी सांगितलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही.

आणि ‘ड्राय’ टी-शर्ट? गोल. सगळे धागे रुपयाच्या नाण्यासारखे गोल.

आता न्यायाने बोलायचं तर गोल धाग्याचं कापडसुद्धा घाम वाहून नेऊ शकतं. विणकाम नीट असेल तर फटी मिळतात, वरून रसायनाचं फिनिशिंगही देतात. पण फिनिशिंग धुण्यात हळूहळू जाऊ शकतं, धाग्याला पडलेली खाच जात नाही. तो टी-शर्ट फसवा आहे असं मी म्हणत नाही. भावाला पुरळ कशाने आलं तेही मी छातीठोक सांगणार नाही, तो शर्ट कसा धुतो हे मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की गिऱ्हाईकाला निवड करता येईल असं त्या लेबलवर काहीच नाही. धागा गोल आहे, खाचांचा आहे की पोकळ, हे दोन शब्द छापायला कितीशी शाई लागणार?

कट्ट्यावर हे बोलले तर उत्तर आलं, "लेबल वाचतंय कोण?" फ्रिजवरचे स्टार आता आपल्या आज्या मोजतात. आणि मामा तर लेबलशिवाय चिमटीने वाचतात. वाचत नाही तो आपण, इंजिनिअर लोक. टी-शर्ट घेताना आपला प्रश्न एकच, ब्रँड कुठला.

राहिला ‘कापडाचा टॉपिक’ हा टोमणा. वायरकटचं प्रॅक्टिकल आठवा. आपण पाव मिलिमीटरची पितळी तार लावून एक चौकोन कापतो आणि जर्नल लिहितो. वाय भोकाची फट असते साधारण ०.१ मिलिमीटर, ती तार तिच्यात जाणारच नाही. तिथे त्याहून बारीक तार किंवा इलेक्ट्रोड लागतो. आणि अचूकता कशाला, तर फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला जे आपण नुसतं रटतो ते हॅगन-पॉझवी. गोल भोकाचा व्यास ५ टक्के चुकला तर चौथ्या घातामुळे प्रवाह सुमारे २१ टक्के बदलतो. एका चकतीत शेकडो भोकं, आणि प्रत्येकातून सारखाच धागा हवा. हे कापडाचं काम आहे की आपलं?

शिवाय हा धंदा परक्या मुलखातला नाही. आबासाहेब गरवारे १९०३ मध्ये तासगावात जन्मले. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं (१९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचं सांगली हे नाव १९६० चं). त्यांच्या घराण्याची गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी १९७६ मध्ये निघाली, २०१८ पासून तिचं नाव गरवारे टेक्निकल फायबर्स आहे. वाईच्या तिच्या कारखान्यातल्या जाळ्या परदेशात सॅमन मासे पाळणाऱ्यांकडे जातात. महाबळेश्वरच्या ट्रिपला आपली बस वाईवरूनच गेली होती आणि तेव्हा सगळे अंताक्षरी खेळत होते. मीसुद्धा.

मामांनी शेवटी वरच्या बाजूला मोनो घेतली आणि वारा कमी लागतो त्या बाजूला टेप. मी म्हटलं, सगळीकडे मोनोच का नाही? "तुझा सेमिनार काय पैसं देनार हाय व्हय?" असं उत्तर मिळालं.

भावासाठी आता चार खाचांचा म्हणून विकला जाणारा टी-शर्ट मागवला आहे. रेझिनचा नवा डबा पुढच्या आठवड्यात येतोय, तेव्हा त्याचा छेद बघीन. तुम्हालाही आपल्या कपड्याचा धागा बघायचा असेल तर शुक्रवारी चारनंतर मेटलर्जी लॅबमध्ये या, सरांनी परवानगी दिली आहे. फक्त सॉक्स आणणार असाल तर धुऊन आणा.