सलोखा मंडळात कोणी बसावे?

कॅनडातील नगरपालिका आपापल्या सलोखा सल्लागार मंडळांसाठी मूलनिवासी समाजातून सदस्यांचे अर्ज मागवितात, तेव्हा त्या नेमणुकीमागचा इतिहास या देशात अलीकडे येऊन वसलेल्या आपणां मराठी मंडळींनी प्रथम समजून घेतला पाहिजे. सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना ज्या निवासी शाळांत धाडण्यात आले, त्यांच्या चौकशीअंती सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. १९७३ मध्ये फिलिस वेबस्टॅड या सहा वर्षांच्या मुलीला आजीने शाळेसाठी घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा अशाच एका निवासी शाळेत पहिल्याच दिवशी अंगावरून उतरविला गेला, तो तिला पुन्हा कधीही मिळाला नाही.

अशा समाजातून माणसे निवडताना पदव्यांची यादी आणि इंग्रजी अर्जाची सफाई एवढेच पाहणे हा नवा अन्याय होय. त्या शाळांतून तगून राहिलेल्या वृद्धांकडे, जमातीची भाषा जाणणाऱ्यांकडे आणि शहरात एकाकी पडलेल्या तरुणांकडे आपण होऊन गेले पाहिजे, त्यांचे तोंडी निवेदनही अर्ज म्हणून दाखल करून घेतले पाहिजे, आणि मानधन व प्रवासखर्च विनाविलंब अदा केला पाहिजे. राष्ट्रीय सलोखा परिषदेच्या २०२४ च्या कायद्याने किमान दोन-तृतीयांश संचालक मूलनिवासी असावेत असा दंडक घातला आहे. नगरपालिकांनीही तोच पाळावा.

नागरिकत्वाच्या शपथेत २०२१ पासून मूलनिवासींच्या व तहांतून मिळालेल्या हक्कांचा उच्चार आहे. ती शपथ घेतलेल्या वाचकांनी आपल्या नगरातील मंडळाच्या खुल्या सभांना श्रोते म्हणून अवश्य जावे.